नावं गेलेल्या फायली

वीज जाऊन आली आणि सोलोला गावातल्या एका लहानशा प्रयोगशाळेचा लिनक्स सर्व्हर सुरूच होईना. यादवी युद्धात मारून पुरलेल्या माणसांच्या हाडांवरून ओळख पटवणारे सगळे अहवाल त्यावर होते. कुठली फाइल कुठे आहे याची नोंद ठेवणारी फाइल सिस्टम बिघडली होती. आधी डिस्कची प्रत काढायची आणि मगच दुरुस्ती, हे सर्व्हर सांभाळणाऱ्या नीनेथला ठाऊक होतं. पण दुपारी म्हातारी तोमासा भावाचा अहवाल न्यायला येणार होती, म्हणून घाईघाईत तिने मूळ डिस्कवरच दुरुस्ती चालवली.

फायली परत आल्या, पण नावं गेली. चार हजार फायली आणि प्रत्येकीवर नुसता आकडा.

"झालं का गं पोरी?" तोमासाने दारातूनच विचारलं.

"नाही, तोमासाबाई. माझ्या हातून चूक झाली. तुमचा भाऊ यातच आहे, पण कुठल्या फायलीत ते कळत नाही."

म्हातारी आत येऊन पडद्यावरचे आकडे बघू लागली.

"म्हणजे परत हरवला म्हण की."

तोमासाने खुर्ची ओढली.

"उघड एकेक. त्याला सोन्याचा दात होता, तो कुठे लिहिलाय बघ."

अहवाल म्हणजे कागदांची छायाचित्रं, त्यात शब्द शोधायची सोय नव्हती; संध्याकाळपर्यंत दीडशे फायली उघडून झाल्या. तो दात कुठेच नव्हता.

"उद्या सकाळी येते," म्हणून तोमासा उठली.