एका हितचिंतकाकडून

"काकू, हा नव्वद सालचा," म्हणत मंडळाच्या गौतमने कपाटातून आणखी एक अहवाल काढला. कालिंदीबाईंनी तो जवळजवळ हिसकावूनच घेतला.

त्यांचं डोकं फिरलं होतं. फिरणारच! पस्तीसेक वर्षं घोडपदेवच्या खोलीत एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचं ताट पालथं घालून त्यांनी काजळ धरलं. लेकीच्या नावाने 'मनवा काजळ'. आसपासच्या चाळींतली निम्मी पोरं त्याची तीट लावून मोठी झाली. आणि आता कुठल्याशा कंपनीची नोटीस आली होती, की 'मनवा' हे नाव आमचं, पंधरा दिवसांत वापरणं बंद करा. पोटच्या पोरीचं नाव!

हा सगळा प्रताप पुतण्याचा, उन्मेषचा. सहा वर्षांपूर्वी वेबसाइट काढून देतो म्हणाला. काढली, पण स्वतःच्या नावावर. मागोमाग ट्रेडमार्कही गुपचूप आपल्याच नावावर करून घेतला आणि दोन्ही कंपनीला विकून मोकळा झाला. फोन केला तर म्हणे, तुम्ही कुठे रजिस्टर केलं होतं? मेल्याच्या डोळ्यांत याच बोटांनी काजळ घातलं होतं.

वकीलबाईंनी एक वाट दाखवली होती. उन्मेषच्या अर्जाआधीपासून हे नाव तुम्ही वापरताय, असा साल असलेला छापील कागद आणा. नुसतं तोंडी सांगून भागायचं नाही. कागद कुठून आणणार? डबीवर कधी तारीख घातली नाही, बिल कधी फाडलं नाही. मग एकदम आठवलं. त्यांचे यजमान तात्या जिवंत होते तोवर दर गणपतीत मंडळाच्या अहवालात अर्ध्या पानाची जाहिरात द्यायचे. एक वर्ष चुकवलं नाही.

कालिंदीबाईंनी पान उघडलं. वेलबुट्टीची चौकट आणि मधोमध एकच ओळ: 'एका हितचिंतकाकडून'.

एक्क्याण्णव, हितचिंतक. शहाण्णव, हितचिंतक. दोन हजार चार, तेच. देवाच्या कामात आपलं नाव कशाला मिरवायचं, असं तात्या म्हणायचे आणि त्याही कौतुकाने मान डोलवायच्या. आज तात्या समोर असते तर कालिंदीबाईंनी तो गठ्ठा त्यांच्या अंगावर फेकला असता. चांगुलपणा करताना माणसाने जरा तरी अक्कल वापरू नये?

"आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे ना काकू, हितचिंतक कोण ते," गौतम हळूच म्हणाला.

"कोर्टाला नाही ना ठाऊक."

कालिंदीबाईंनी चष्मा पुसला.

"यंदाच्या जाहिरातीचा फॉर्म काढ."

यंदाची जाहिरात केसच्या काही कामाची नाही, असं गौतम चाचरत सांगू लागला. ते आपल्याला कळतं, असं त्यांनी त्याला सुनावलं.

"लिही. मनवा काजळ. कालिंदी सावंत, घोडपदेव. एकोणीसशे एकोणनव्वदपासून. अर्धं नको, अख्खं पान घे. अक्षरं मोठी टाक."

"आणि नोटीस, काकू?"

"आणखी एक धाडू देत."

सकाळी खरवडलेलं काजळ अजून बोटांना होतं. सही करताना त्याचा काळा डाग फॉर्मवर उमटला. गौतम दुसरा फॉर्म शोधायला लागला.

"राहू दे रे," त्या म्हणाल्या आणि तात्यांचे अहवाल उचलून एकेक करत, सालवार, पुन्हा कपाटात लावू लागल्या.