बिनकाचेचा चष्मा

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे घरादाराला माहीत आहे. त्यामुळे पहिल्यांदाच एकटीने मॉडेलचे फोटो काढायची वेळ आली, तेव्हा मामाने एवढंच बजावलं, "कुणावर ओरडायचं नाही. आज जमलं तर यापुढे माणसांचे फोटो तू काढायचे. नाही जमलं तर आहेच तुझं दिवे पुसणं." स्टुडिओ त्याचा, म्हणून गप्प ऐकून घेतलं.

काम चष्म्याच्या दुकानाचं होतं. दुकानदार स्वतः येऊन भिंतीशी हाताची घडी घालून बसले होते. मॉडेल दोघी. एक तरुण, उंच. दुसरी साठीची, पांढऱ्याशुभ्र केसांची. थोरली धाकटीच्या दंडाला धरून अशी डौलात आत आली की मी मनात म्हटलं, आल्या महाराणी!

आदल्या दिवशी मी एक शहाणपणा करून ठेवला होता. काचेत दिव्यांची चकाकी येते, डोळे झाकले जातात, म्हणून सगळ्या फ्रेमच्या काचाच काढून टाकल्या होत्या. युक्ती जुनीच, मामाचीच, पण मी स्वतःवर जाम खूश होते.

धाकटीचे फोटो झटपट झाले. थोरलीपाशी मात्र घोडं अडलं. चेहरा सुरेख, मान सुरेख, पण नजर भलतीकडेच.

"मॅडम, इकडे बघा."

त्यांनी दिव्याकडे बघितलं.

"इकडे, माझ्याकडे."

त्या पडद्याच्या दांड्याकडे बघून गोड हसल्या. दुकानदारांनी सुस्कारा सोडला. दारात मामा खाकरला. हातातोंडाशी आलेला घास जाणार, या भीतीने माझं तोंड सुटलंच.

"अहो, कॅमेरा इथे आहे, इथे! दांड्याशी काय बोलताय?"

वाटलं, संपलं. पण त्या चिडल्या नाहीत. हाताने मला जवळ बोलावून अगदी हळू म्हणाल्या, "इथे म्हणजे कुठे गं? तुझ्या या चष्म्याला काचा नाहीत आणि माझा पर्समध्ये आहे. त्याच्याशिवाय तू म्हणजे मला नुसता निळा डाग दिसतेस."

"मग आधी नाही का सांगायचं?" मीही कुजबुजले.

"डोळे अधू आहेत म्हटलं की पुढचं काम मिळत नाही, बाळा. हिला फोटो काढणाऱ्याच्या खुणा दिसत नाहीत म्हणतात."

माझा राग कुठल्या कुठे गेला. लाज वाटली, खरंच सांगते. म्हटलं, "मी बोलत राहते. तुम्ही आवाजाकडे बघा."

कॅमेऱ्यामागे गेले आणि बोलायचं काय तेच सुचेना. मग जे मनात होतं तेच हळू आवाजात सांगत सुटले. "मॅडम, हे माझं पहिलंच काम आहे. ते भिंतीजवळचे माझ्याकडे असे बघतात ना, की पळून जावंसं वाटतं. मी ओरडते ती घाबरले की ओरडते."

त्यांची नजर आवाज शोधत आली आणि माझ्यावर थांबली. भुवया किंचित वर गेल्या, ओठांवर माया आली. मी बोलत राहिले, बटण दाबत राहिले.

दुकानदार उठून संगणकाच्या पडद्यावर फोटो बघू लागले. माझा जीव टांगणीला.

"वा! याला म्हणतात नजर," ते म्हणाले. "आमचा चष्मा लावला की असं लख्ख दिसतं माणसाला. हाच मोठा करा, दुकानाच्या दारावर लावतो."

मामाने छताकडे बघितलं. मी ओठ चावले. दुकानदार गेल्यावर मामाने स्वतःच्या गळ्यातला कॅमेरा काढून माझ्या गळ्यात घातला. "उद्या एका कुटुंबाचा फोटो आहे. तूच काढ."

निघताना मॅडमनी दारापाशी पर्समधून जाड भिंगांचा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"अगं बाई! तू तर एवढीशी पोर आहेस," त्या म्हणाल्या. "आणि मी मघापासून तुला घाबरत होते."