एका घराची बरणी

दर शुक्रवारी दुपारी जेवण झालं की नौफल मुन्सिफच्या दारात उभा राहायचा आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा, "बरंय, मुन्सिफसाहेब! येतो मी! तुमच्या ताईंच्या हाताला काय चव आहे हो!"

आतून मुन्सिफही तेवढ्याच मोठ्यानं उत्तर द्यायचा, "या, या! जपून जा!"

मग नौफल बंदराच्या दिशेनं चालू लागायचा. ट्युनिशियातल्या स्फाक्स शहराच्या त्या गल्लीत हा निरोप इतकी वर्षं चालला होता, की तो कानावर पडला की समोरचा शिंपी दुपारच्या झोपेसाठी दुकानाची फळी ओढून घ्यायचा.

निरोप खोटा होता. ऊन उतरलं की मुन्सिफ पाय मोकळे करायला म्हणून बंदराकडे निघायचा आणि नौफलच्या होड्यांच्या कारखान्यामागं एक छोटी खोली होती, तिथं जाऊन बसायचा. मुन्सिफ प्राथमिक शाळेत मास्तर होता, नौफल मोडकी बाकं दुरुस्त करायला शाळेत आला होता, आणि तेव्हापासून दोघांचा एकमेकांवर जीव जडला होता. कायद्याला ते चालत नव्हतं. गल्लीला चाललं असतं का, हे विचारून पाहायची हिंमत दोघांनीही कधी केली नव्हती. म्हणून चारचौघांत 'तुम्ही', आणि खोलीत 'तू'.

मुन्सिफ निवृत्त झाला त्या उन्हाळ्यात नौफल रंधा मारता मारता म्हणाला, "मास्तर, एकदा तरी अशा गावाला जाऊ या, जिथं मला तुझा निरोप घ्यावा लागणार नाही."

मुन्सिफनं धड्याची तयारी करावी तशी गावाची तयारी सुरू केली. कुठे तुरुंगात टाकतात, कुठे नुसतं टक लावून बघतात, कुठे कुणाला काही पडलेलीच नसते, हे तो मोबाइलवर वाचत बसे. इस्तंबूलला व्हिसा लागत नव्हता. "पण तिथंही आपल्यासारखे मोठ्यानं निरोप घेणारे असतीलच की," तो म्हणाला.

"मग पॅरिस?"

"तुझं अर्धं केरकेना बेट पॅरिसमध्ये राहतं. पहिल्याच वळणावर तुझा कुणीतरी आतेभाऊ भेटेल आणि विचारेल, 'हे कोण?'"

शेवटी माल्टा ठरलं. समुद्रापलीकडचंच बेट. तिथं दोन पुरुषांना लग्नसुद्धा करता येत होतं. भाषाही निम्मी आपलीच, आणि मार्साश्लोक नावाच्या कोळ्यांच्या गावात होड्यांच्या पुढच्या टोकावर डोळे रंगवलेले असतात, ते नौफलला बघायचे होते. खेटे घालून घालून व्हिसा मिळाला. मुन्सिफनं मोबाइलमधले दोघांचे फोटो एकेक करून पुसले. घरी त्यानं थोरल्या बहिणीला, महबूबाला, एवढंच सांगितलं, "नौफलला होड्या बघायच्यात. मी सोबत चाललोय."

महबूबा विधवा होती. नवरा गेल्यापासून भावाच्या घरी राहत होती, आणि घर तीच चालवत होती. तिनं जास्त काही विचारलं नाही. "दोघांच्या वाटेवरच्या खाण्याचं बघते," एवढंच म्हणाली.

प्रवासाला निघणाऱ्याबरोबर बसीसा द्यायचा, हा तिच्या आईपासूनचा शिरस्ता. गहू, हरभरे, मसूर खमंग भाजायचे, त्यात मेथी आणि बडीशेप घालायची, दळायचं, चाळायचं आणि ऑलिव्हच्या तेलात कालवून बरणीत दाबून भरायचं. आईचा नियम असा, की घरागणिक एक बरणी. दोन घरचे दोन भाऊ एकत्र निघाले तरी बरण्या दोन, आणि नवं जोडपं निघालं तर बरणी एकच. नौफलच्या घरी बाईमाणूस नव्हतं, म्हणून त्याची बरणीही महबूबाच भरणार होती. तिनं दोन सारख्या बरण्या धुऊन अंगणात उन्हात पालथ्या घातल्या होत्या.

निघायला थोडे दिवस उरले असताना, एका शुक्रवारी जेवण झाल्यावर दोघं गच्चीवर चहा पीत बसले होते. खाली महबूबा भांडी घासत होती.

"होड्यांचा फोटो दाखव ना परत," नौफल म्हणाला आणि त्यानं मुन्सिफचा मोबाइल हातात घेतला. फोटो शोधता शोधता त्याला राहायच्या जागेचं पान सापडलं. तो ते वाचत राहिला. चहा निवला.

"दोन खोल्या?" त्यानं हळूच विचारलं.

मुन्सिफ पेल्यातली साखर ढवळू लागला.

"एक तळमजल्यावर आणि एक तिसऱ्यावर. माझ्या गुडघ्याची अवस्था तुला माहीत आहे, म्हणजे तिसरा मजला तुझा. बरोबर?"

"अरे, व्हिसाच्या कचेरीत कागद दाखवावे लागत होते. तिथला कारकून इथलाच माणूस. त्यानं काही विचारलं असतं तर..."

"व्हिसा तर मिळाला. त्यालाही दिवस झाले. मग बदलल्या का नाहीस?"

मुन्सिफनं मुद्दाम काही केलं नव्हतं. ते बदलायचं असतं, हेच त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. इतकी वर्षं भिंत मध्ये ठेवायची सवय, ती त्यानं न विचारताच सामानात भरली होती.

"एवढा समुद्र ओलांडून मी भिंतीपलीकडे झोपायला येत नाही, मास्तर," नौफल म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "मग इथंच काय वाईट आहे? इथं निदान शुक्रवारी मासा तरी मिळतो. तू जाऊन ये. मला फोटो दाखव."

तो जिना उतरला, महबूबाला "ताई, येतो," म्हणाला आणि बाहेर पडला. दारात थांबला नाही. ओरडला नाही.

भांडी विसळता विसळता महबूबानं वर गच्चीकडे बघितलं. "आज आवाज नाही आला त्याचा," ती म्हणाली. "शिंपीबुवा अजून दुकान उघडं ठेवून बसलेत बघ."

पुढचे दोन दिवस मुन्सिफ बंदराकडे गेला नाही. काय तोंडानं जाणार? दुपारी गल्लीतली पोरं वाचन शिकायला येत. तिसऱ्या दिवशी एक छोटी मुलगी उत्तर ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती. सवयीनं तो म्हणाला, "चुकलं तरी चालेल, बाळ. पण शेवटच्या बाकापर्यंत पोचलं पाहिजे. जे कुणी ऐकलंच नाही, ते उत्तर दिलंस की नाही, कुणाला कळणार?"

बोलून झाल्यावर त्याचं स्वतःचंच लक्ष त्या वाक्यावर गेलं. पोरं गेली तरी तो पाटीकडे बघत बसून राहिला. मग उठला आणि त्यानं मार्साश्लोकच्या त्या घराला फोन लावला.

स्वयंपाकघरात महबूबा बसीशाचं पीठ चाळत होती. चाळणीची सरसर अंगणात ऐकू येत होती. फोनवर कार्मेना नावाची घरमालकीण आली. ती तिच्या भाषेत बोलत होती, हा त्याच्या. पण समुद्र, घर, भाकर, मासा असे शब्द दोन्हीकडे बहुतेक सारखेच, त्यामुळे अडत नव्हतं.

"ट्युनिशियाचे दोघं ना? दोन खोल्या ठेवल्यात तुमच्या," ती म्हणाली.

"त्याचंच सांगायचं होतं. एक खोली काढून टाका."

"काय म्हणालात? मोठ्यानं बोला हो, माझे कान म्हातारे झालेत!"

"एक खोली नको!"

"म्हणजे एक जण येत नाहीये का? आजारी पडला?"

"नाही, नाही. दोघंही येतोय."

"मग खाटा किती टाकू? एक की दोन?"

मुन्सिफनं स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. चाळणी चालू होती. तो फोनशी कुजबुजला.

"ऐकू येत नाही, दादा!" कार्मेना खणखणीत म्हणाली. "माणसानं माणसाला किती खाटा हे सांगायला लाजायचं कशाला?"

मुन्सिफनं डोळे मिटले आणि तो वर्गात बोलायचा त्या आवाजात म्हणाला, "एक खाट! मोठी! आम्ही दोघं एकत्र असतो. बरीच वर्षं."

चाळणी थांबली.

"हात्तिच्या!" पलीकडून कार्मेना म्हणाली. "मग आधी नाही का सांगायचं? दुसऱ्या मजल्यावरची देते. गच्चीची. खिडकी उघडली की होड्याच होड्या. त्या दोन खोल्या मी एकट्यादुकट्याला देते, कोंदट आहेत मेल्या. येताना तुमच्याकडचे खजूर आणा."

फोन ठेवला तरी मुन्सिफ अंगणात तसाच उभा होता. शेवटी तो स्वयंपाकघराच्या दारात गेला. महबूबाच्या हातांना कोपरापर्यंत पीठ लागलं होतं.

"ताई," तो म्हणाला.

"ती बाई बहिरी आहे का रे?"

"थोडीशी."

"मी नाही." तिनं चाळणी बाजूला ठेवली. "कपड्यांना हात पुसू का, फडकं दे तिकडचं. असा बघतोस काय? मला आज कळलं असं वाटतंय का तुला?"

"मग कधी?"

"अरे, पाहुणा कधी एवढ्या मोठ्यानं निरोप घेतो का? आपल्या मामांनी घेतला कधी? जावयांनी? ज्याला खरंच जायचं असतं तो चपला घालतो आणि जातो. पहिल्या वर्षी वाटलं, याला कमी ऐकू येतं. दुसऱ्या वर्षी कळलं." तिनं फडक्यानं हात पुसले. "मी म्हटलं, सांगायचं तेव्हा सांगेल. मास्तर आहे, उशीर लागणारच."

मुन्सिफ हसला आणि त्याचे डोळे भरून आले. महबूबानं तिकडे बघायचं टाळलं. ती अंगणात गेली, उन्हातल्या दोन्ही बरण्या उचलल्या आणि परत फळीवर चढवल्या. मग स्टुलावर चढून वरच्या फळीवरची मोठी, निळ्या झाकणाची बरणी काढली. तिच्या स्वतःच्या लग्नात आईनं दिली होती ती. तिनं ती पुसली, त्यात बसीसा दाबून दाबून भरला, वरून तेलाची धार सोडली आणि झाकण घट्ट लावलं.

"ने," ती म्हणाली. "आणि त्याला सांग, माझ्या माशाचं कौतुक न करताच निघून गेला तो, पुढच्या शुक्रवारी भरपाई करायची."

बंदरावर नौफल एका पालथ्या होडीच्या फटीत डांबरात भिजवलेली सुतळी ठोकत होता. मुन्सिफला बघून त्यानं हातोडी खाली ठेवली नाही.

"तळमजला रिकामा झाला का?" त्यानं विचारलं.

"तळमजला पण गेला आणि तिसरा पण. दुसरा मिळालाय. खिडकीतून होड्या दिसतात म्हणे." मुन्सिफनं बरणी होडीच्या पाठीवर ठेवली. "एकच खाट. मी फोनवर ओरडून सांगितलं."

हातोडी थांबली. "ओरडून? ताई घरी होत्या?"

"होती. तिनंच हे दिलंय."

नौफलनं बरणी बघितली. तो केरकेनाचा, त्याच्या आईचाही नियम तोच होता. त्यानं बरणीच्या मागं बघितलं, मुन्सिफच्या पिशवीत बघितलं.

"आणि माझी?"

"हीच."

नौफलनं डांबराचे हात पँटला पुसले, पण ते काही स्वच्छ होईनात, म्हणून मनगटांनीच बरणी छातीशी धरून उचलली. वजनानं थोडा वाकला.

"दगड भरलेत का ताईंनी? विमानतळापर्यंत ही उचलणार कोण?"

"तू. माझं वय झालंय."

"आणि माझा गुडघा?"

"मग आळीपाळीनं," मुन्सिफ म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी नौफलनं दोनदा मासा वाढून घेतला. निघताना त्यानं दारात चपला घातल्या, "बरंय, ताई," म्हणाला आणि साध्या आवाजात मुन्सिफला म्हणाला, "चल, तूही येतोस ना?" दोघं मिळून गल्लीतून बंदराकडे निघाले. शिंपी दुकानात बसून निरोपाची वाट बघत राहिला. त्या दुपारी त्याला बऱ्याच उशिरा झोप मिळाली.