खोट्या मरणांची खाट

मी एक जुनी लोखंडी खाट आहे. दवाखान्यातली, पायथ्याला हँडल असलेली. हँडल फिरवलं की डोक्याकडचा भाग वर उचलला जायचा. हल्ली जात नाही. मित्रांनो, ते का, हे सांगायची मला लाज वाटते. पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

घाटकोपरच्या एका वर्कशॉपमध्ये माझा जन्म झाला. मुलुंडच्या एका लहानशा नर्सिंग होममध्ये मी आठ वर्षं इमानेइतबारे नोकरी केली. ते बंद पडलं तेव्हा धाकूमामांनी मला टेम्पोत घातलं. धाकूमामा मूळचे मालवणकडचे. गिरणीतली नोकरी सुटल्यावर सिनेमाच्या सेटवर सामान पुरवायच्या धंद्यात शिरलेले. दहिसरला नदीकडे त्यांचं गोडाऊन होतं. तिथे सोफे, देव्हारे, वकिलांची टेबलं आणि त्यांच्यात मी.

माझं नशीबच फळफळलं. माझ्यावर सव्वीस जण मेले आणि सव्वीसही जण उठून चहा प्यायले. मरणाचा सीन संपला की मामा नटाला कॅमेऱ्याकडे बघून हसायला लावत. अपशकुन नको म्हणून. मला वाटे, आपल्याइतकी गुणी खाट अख्ख्या मुंबईत नसेल.

सात वर्षांपूर्वी अंधेरीच्या एका बंगल्यात कौटुंबिक सिनेमाचं शूटिंग होतं. आजारी बाप, रुसलेला मुलगा, अशी गोष्ट. त्याच दिवशी मामांची बायको नलिनी बोरिवलीच्या हॉस्पिटलात खरीखुरी शेवटच्या घटका मोजत होती. मुलगी श्रुतिका फोनवर फोन करत होती.

"येवढो एक शॉट होवंदे गो, निघतंय," असं म्हणत मामा माझी चादर सारखी करत राहिले.

ते पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. श्रुतिका म्हणाली, "खोट्या पेशंटची चादर नीट करत बसलास ना, बाबा? जा, तिकडेच जा." त्यानंतर तिने त्यांच्या घराचा उंबरा ओलांडला नाही. आणि मी? त्या दिवशी दिग्दर्शक मिहिरने माझ्या कठड्यावर थाप मारून "झकास खाट आहे" म्हटलं, त्या कौतुकात मी फुगून बसले होते. आज ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

सिनेमा चालला, म्हणून त्याचा दुसरा भाग निघाला. यात बापाला कॅन्सर होतो. मुलगा परत येतो, हँडल फिरवतो, बापाचं डोकं वर येतं आणि दोघं मिठी मारून रडतात. पण माझी कुरकुर माईकमध्ये जाऊ लागली. मिहिर वैतागला, "मामा, तुमच्या खाटेने वाट लावली यार!" तेल घालायचं सोडून मामांनी ज्याच्या जोरावर माझं डोकं उचललं जायचं, तो आतला आट्यांचा दांडाच काढून टाकला. मग हँडल नुसतं गरागरा फिरे आणि खाली लपलेली दोन माणसं मला वर ढकलत. थिएटरात लोकांचे रुमाल भिजले. दांडा परत बसवायचं मात्र राहून गेलं.

या वर्षी मामांच्याच फुफ्फुसात कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. "भाड्यान कशाक? घरची खाट आसा ना," म्हणत त्यांनी मला बोरिवलीच्या आपल्या राहत्या खोलीत आणवलं. दांड्याचं ते पार विसरले होते. शेजारच्या जयंतीबाईंनी श्रुतिकाला कळवलं आणि त्याच दुपारी ती आली. पण दारातच थांबली. आत यायचं की परत फिरायचं, हे तिचं ठरत नव्हतं.

तेवढ्यात मामांना धाप लागली. उशा घसरल्या. आडव्या माणसाला श्वास पुरेना. श्रुतिका धावली आणि हँडल फिरवू लागली. एकदा, पाचदा, दहादा. मी जागची हलले नाही.

"अरे, उचलत का नाही ही?"

"दांडो मियाच काढलंय... शूटिंगसाठी," मामा कसेबसे म्हणाले. त्यांना तिच्याकडे बघवेना. "तेव्हाय चुकलंय गो. नलूक सोडून थयच बसलंय."

श्रुतिका चपलांसकट माझ्यावर चढली, त्यांच्या मागे भिंतीला टेकून बसली आणि त्यांची पाठ तिने आपल्या छातीशी घेतली. "टेक, बाबा. आता बोलू नको." बऱ्याच वेळाने त्यांचा श्वास संथ झाला.

पुढचे सतरा दिवस ती तशीच बसत राहिली. अठराव्या दिवशी सकाळी मामा तिला टेकूनच गेले.

आता मी परत गोडाऊनमध्ये आले आहे. इथले सोफे म्हणतात, बापलेक तुझ्यावरच एक झाले, तुझं सार्थक झालं. मला ते श्रेय नको. मित्रांनो, आजाऱ्याला वस्तू देण्याआधी ती चालते का, हे एकदा नीट बघा. आणि घरातल्या कुणाशी अबोला धरला असेल, तर तो माणूस खाटेवर येण्याची वाट पाहू नका. तो हिंडता-फिरता आहे, तोवरच जा.