मागच्या दारातली टॅम्सिन

नोरीनच्या स्वयंपाकघरात सकाळीच पाय ठेवायला जागा नव्हती. टास्मानियातल्या त्या मेंढपाळी गावातले निम्मे लोक चहाचे मग घेऊन मागच्या दाराकडे टक लावून बसले होते. दारावरच्या पांढऱ्या डबीतून महिनाभर रोज पहाटे, दंव पडलं की, 'टुक' असा आवाज यायचा. नोरीनची अपघातात गेलेली लेक टॅम्सिन हाक मारते, असं मेलेल्यांशी बोलते म्हणवणाऱ्या सेलेस्टबाईंनी जाहीर केलं होतं. कोणी सेल उतरलाय म्हणालं की बाई डोळे मिटून बजावत, "सेल बदलाल तर पोरीचा गळा दाबाल!"

आज डबी गप्प होती.

"मुक्ती!" बाईंनी हात पसरले. "प्रकाशाच्या लहरींत विरघळली हो लेकरू!" कोणी हुंदके देऊ लागलं, कोणी स्कोन-पावाला लोणी फासू लागलं.

ग्लेनिस नुकतीच होबार्टहून येऊन टेकली होती. ती नोरीनची नणंद, जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नोरीन, ही डबी कशासाठी बसवली होती गं? माझ्या भावासाठीच ना? क्लेमला भान नसतं, तो दार उघडून चालायला लागला तर घंटा वाजावी म्हणून."

"अगं, आत्ता नको ना..."

ग्लेनिसने खुर्चीवर चढून डबी उघडली. "बागेतल्या दिव्याचा सेल? हा कोणी घातला?"

"मीच. हिवाळ्याआधी सगळे घड्याळं तासभर मागे करतात त्या रविवारी क्लेमच घरातले सगळे सेल बदलायचा. यंदा त्याला सुचेना. हा पडलेला दिसला, घातला."

"हा पुन्हा पुन्हा चार्ज करायचा सेल. नुसता बसल्या जागी उतरतो, थंडीत आणखीच ढेपाळतो. सेल उतरला की डबी टुक करून सांगते, म्हणून पहाटे ओरडायची. चूल पेटली की जरा तरतरी, की गप्प." तिने सेल स्वेटरखाली काखेत धरला आणि थोड्या वेळाने परत बसवला.

टुक.

"घ्या! मुक्ती मिळालेली पोरगी माझ्या काखेतून परत आली."

"आत्मे कधीकधी निरोपाला—"

"बाई, तोंड आवरा." ग्लेनिसचा आवाज एकदम उतरला. "सेल पार मेला होता, म्हणजे दार उघडलं तरी घंटा वाजलीच नसती. क्लेम कुठंय?"

"झोपलाय की," नोरीन म्हणाली आणि खोलीकडे धावली. अंथरूण गार होतं. मंडळी सगळी पुढच्या दाराने आली होती. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं आणि बाहेर दंवात सपातांचे ठसे कुरणाकडे गेले होते.

क्लेम कुंपणाशी सापडला, पायजम्यावर, तारेला धरून बसलेला. अंगात काही उरलं नव्हतं. रुग्णवाहिका येईपर्यंत सेलेस्टबाईंची गाडी गावाबाहेर गेलेली होती.

दफनानंतर चहाला जमलेल्या त्याच माणसांना ग्लेनिस म्हणाली, "माझा भाऊ भुताने नेला नाही. एका उतरलेल्या सेलने नेला, आणि तुम्ही सगळे तेव्हा हात जोडून बसला होतात. उद्या तुमच्या घरी डबी टुकटुकली तर बाईला नका बोलावू. खुर्ची घ्या, वर चढा, डबीवर लिहिलाय तो सेल घाला. आणि दार उघडून बघा, वाजतंय का."

सगळे गेल्यावर नोरीनने नवा लिथियमचा सेल घातला आणि मागचं दार उघडलं. घरभर घंटा खणखणली.

"वाजते गं," ती म्हणाली आणि उंबऱ्यातच बसून रडली.