चौपेडी

पोहण्याच्या क्लासला सगळ्यांत आधी पोचायच्या त्या दोघी, जिराफ आणि मुंगी. एक उंच, एक बुटकी. नावं मुलींनी ठेवली होती आणि दोघींनी ती मुकाट्याने घेतली होती. टोपीखाली केस मावावेत म्हणून घट्ट वेणी हवी, हा सरांचा नियम. कपडे बदलायच्या खोलीतल्या बाकावर मुंगी पुढे बसायची, जिराफ मागे. मुंगीची झाली की दोघी वळायच्या.

त्या दिवशी मुंगी वळली, तर जिराफची वेणी तयार.

"आज स्वतःच घातलीस?"

"मी? मागून तूच ओढत होतीस ना..." पण मुंगी तर तिच्या पुढे पाठमोरी बसली होती, आणि जिराफचे स्वतःचे हात मुंगीच्या केसांत होते.

वेणी चौपेडी होती. मुंगीला तीन पेडांच्या पुढे येत नव्हतं.

खोल पाण्यात ती वेणी टोपीतून सुटली आणि जिराफचं डोकं मागे खेचलं गेलं. ती वर आली ती ठसकतच. "तहान लागली असेल तर नळ बाहेर आहे," सर म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच. या वेळी ती बराच वेळ वर आली नाही. मुंगीने खाली जाऊन तिला काखेत धरून काढलं.

"मी केस कापते," जिराफ म्हणाली. ओठ निळे पडले होते तिचे.

"काप. पण उद्या एकदा बस."

"मुंगे, डोकं फिरलंय का तुझं?"

"तुझ्या मागे जी कुणी बसते, ती तुझी घालते. तिची कोण घालतं, ते बघायचंय मला."

"मेले ना, तर आईला तूच सांगायचंस."

दुसऱ्या दिवशी जिराफ बसली. तिचे केस आपोआप चार पेडांत विभागले जाऊ लागले, तशी मुंगी तिच्या मागे हातभर जागा सोडून टेकली आणि हात पुढे केले. समोर काही दिसत नव्हतं, पण बोटांना मोकळे केस लागले. ओले, गार, गुंत्यांनी भरलेले. कितीतरी दिवस कुणी विंचरलेच नव्हते जणू. मुंगीला हात मागे घ्यावासा वाटेना. टोकाकडून हळूहळू गुंता सोडवत ती म्हणाली, "मला साधीच येते हं. चालेल ना?"

जिराफच्या डोक्यावरची ओढ सैल झाली.

"जिराफ, खाली उतर. फरशीवर गोल बसू. तू माझी घाल."

"आणि तुझ्या-माझ्यामधे?"

"मधे ती."

तिघी गोल बसल्या. गोलात शेवटी कुणीच नव्हतं; प्रत्येकीच्या मागे तिची वेणी घालणारं कुणीतरी होतं. मुंगीने आपलं रबर काढून त्या ओल्या वेणीला लावलं.

त्या दिवशी जिराफ तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहली. बाहेर येऊन टॉवेलमध्ये थरथरत तिने विचारलं, "उद्या पण येईल का गं ती?"

"येणारच. वेणी काय, रोज विस्कटते."

जिराफने थोडा विचार केला. "मग घरून अजून लवकर निघावं लागेल आपल्याला. तीन वेण्या घालायच्यात," ती म्हणाली.