कानवालीचा सूड

मी एक जुनी स्टीलची कपलिंग आहे. थांबा, पान उलटू नका! झाडाचं आत्मवृत्त सगळे वाचतात, छत्रीचंही वाचतात, नळी जोडायच्या तुकड्याचं कोण वाचणार, हे मला ठाऊक आहे. पण मित्रांनो, छत्रीने कधी कुणावर सूड उगवल्याचं ऐकलंय? मी उगवलाय. भर दुपारी, अमेरिकेतल्या कॅरी गावात, गिरीशच्या गॅरेजमध्ये, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आणि सांगते, फार मजा आली.

आधी मी दिसते कशी ते ऐका. मी मुठीत मावते. आतून आरपार मोकळी, बोगद्यासारखी. माझ्या दोन बाजूंना दोन दांड्या आहेत. मी नळीच्या टोकाला बसते. पातेल्याच्या तोटीवर माझा जोडीदार असतो, त्याच्यावर मला सरकवायचं आणि दोन्ही दांड्या खाली दाबायच्या. झालं! पाना नको, पिळापिळी नको. त्या दांड्या उघड्या असल्या की कानांसारख्या दिसतात, म्हणून गिरीशच्या मुलीने, सियाने, माझं नाव ठेवलं कानवाली. ती तेव्हा लहान होती. मला नाव आवडलं. तुम्हाला हसू आलं असेल तर हसून घ्या.

गिरीश मूळचा नागपूरचा. इथे औषधांच्या कंपनीत मोठा साहेब आहे आणि शनिवारी गॅरेजमध्ये बिअर बनवतो. म्हणजे बार्लीचं गोड पाणी भल्यामोठ्या पातेल्यात उकळायचं, त्यात हॉप्स नावाची कडू फुलं टाकायची आणि मग ते पंपाने नळीतून पुढे पाठवायचं. ते पातेलं भरलं की दोन माणसांनाही उचलत नाही. म्हणून नळी लागते, आणि नळी म्हटली की मी आलेच.

त्याने मला अशीतशी निवडली नव्हती. शेजारच्या रॅले शहरातल्या दुकानात तो सियाला घेऊन तासभर उभा होता. प्लास्टिकची उचलली, खाली ठेवली. पितळेची उचलली, खाली ठेवली. मग मला हातात घेऊन सियाला म्हणाला, "ही बघ. उकळतं पाणी गेलं तरी हिला फरक पडत नाही. आत स्प्रिंग नाही, झडप नाही, त्यामुळे काही अडकत नाही. आणि हे रबरी वायसर काढून आतपर्यंत धुता येते." मी तेव्हाच चमकले. आपल्याला कुणी पारखून घेतलं की कसं वाटतं ते तुम्हाला माहीत असेल.

त्याने सियाला माझे नियमही शिकवले. वायसर दर वेळी काढून धुवायचं. ते चपटं झालं की बदलायचं. तोटी उघडण्याआधी दोन्ही कान बंद. "एक कान म्हणजे शून्य कान," असं तो म्हणायचा. हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. त्याने ठेवलं नाही.

पहिली वर्षं सोन्यासारखी गेली. कोकमाची बिअर झाली, आल्याची झाली, एकदा गुळाची झाली ती कुणालाच आवडली नाही, पण माझ्यातून एक थेंबही गळला नाही. पाहुणे आले की गिरीश मला दाखवायचा. "ही आपली कानवाली. घरातली एकमेव व्यक्ती, जी ऐकते." हा विनोद तो दर वेळी करायचा आणि दर वेळी स्वतःच हसायचा. मीही हसायचे, वेडी!

एकच गोष्ट तेव्हाही खटकायची. नागपूरहून आईचा व्हिडिओ कॉल आला, की हा फोनचा कॅमेरा छताकडे फिरवायचा.

"काय करतो रे गिऱ्या? मागे कसला धूर आहे?"

"काही नाही गं आई, काढा उकळतोय. सर्दी झालीये."

दर शनिवारी सर्दी! दहा वर्षं अमेरिकेत राहूनही आईला "बिअर बनवतो" एवढं सांगायची त्याच्यात हिंमत नव्हती.

आणि याच काढ्याने माझा घात केला.

मे महिन्याच्या शेवटी मेमोरियल डेची सुट्टी होती. गिरीशचा मित्र केदार आणि केदारची बायको रीमा गॅरेजमध्ये खुर्च्या टाकून चिवडा खात होते. केदारच्या पायात नवेकोरे पांढरेशुभ्र बूट होते, आणि ते आल्यापासून त्याने ते तीनदा दाखवले होते. पातेलं रटरटत होतं. गिरीशने मला तोटीवर सरकवलं, तेवढ्यात फोन वाजला. आई!

त्याने एका हाताने फोन छताकडे धरला. दुसऱ्या हाताने माझा एक कान दाबला. एकच! मग "हो आई, आलं घातलंय काढ्यात" असं म्हणत त्याने तोटी उघडली आणि पंप चालू केला.

मी जिवाच्या आकांताने धरून ठेवलं, खरं सांगते. पण एका कानाने पंपापुढे किती वेळ टिकणार? मी सुटले. नळी नागासारखी उडाली आणि उकळता रस थेट केदारच्या बुटांवर. केदार खुर्चीसकट मागे पडला. मोजे जाड होते म्हणून पाय वाचला, बूट मात्र चहाच्या रंगाचे झाले.

"अरे काय यार!" केदार ओरडला. "नवीन होते!"

सगळे गिरीशकडे बघायला लागले. मीही बघत होते. मला वाटलं, आता हा म्हणेल, माझी चूक झाली, दुसरा कान लावायचा राहिला. चार शब्द! पण त्याने मला फरशीवरून उचललं, उघडा कान हळूच अंगठ्याने खाली दाबला, आणि म्हणाला, "ही कपलिंगच बोगस निघाली."

अंगठ्याने! हळूच! मी ते विसरले नाही, विसरणारही नाही.

"बाबा, यू ओन्ली क्लोज्ड वन—" सिया म्हणाली.

"सिया, आत जा, बर्फ आण."

"पण बाबा, आय सॉ—"

"बर्फ!"

केदार बूट पुसत म्हणाला, "मी तुला कधीचा सांगतोय, प्लास्टिकची घे. एक क्लिक, विषय संपला. हे असलं लोखंड कोण वापरतं आता?"

लोखंड! मी स्टेनलेस आहे, केदारकाका.

मला आणि माझ्या जोडीदाराला गंजक्या खिळ्यांच्या डब्यात टाकलं. माझ्या जागी केदारने दिलेली पांढरी प्लास्टिकची आली. दिसायला गोड. बटण दाबलं की क्लिक. म्हणून मी तिला क्लिकबाई म्हणायचे. तिच्या आत एक छोटी स्प्रिंग आणि झडप होती, नळी काढली तरी थेंब सांडू नये म्हणून. तिला त्याचा काय तोरा!

"आजी, झोपा आता," ती शेल्फवरून म्हणायची. "गळणाऱ्यांचे दिवस गेले."

"तुला उघडून कुणी धुतलंय का कधी?" मी डब्यातून विचारायचे.

"मी उघडतच नाही. मी आधुनिक आहे."

तिचं पोट हॉप्सच्या कडू वासाने भरत चाललं होतं. मला डब्यापर्यंत वास यायचा. मी गप्प बसले. खिळ्यांच्या त्या काळोखात मी शपथ घेतली. मला परत चमकायचं नव्हतं, शेल्फही नको होतं. मला एकच हवं होतं. हाच माणूस, केदार आणि रीमासमोरच, तोंडाने म्हणाला पाहिजे: चूक माझी होती. तोवर मी गंजणार नाही. आणि स्टेनलेस असल्यामुळे मला ते सोपंही होतं.

ऑक्टोबरात गिरीशची आई सहा महिन्यांसाठी आली. सियाची आजी म्हणजे पाच फुटांची बाई आणि आवाज मात्र लाउडस्पीकरचा. आल्या दिवशीच गॅरेजमध्ये उभी राहून तिने नाक वर केलं.

"काऊन रे गिऱ्या, एवढं मोठं पातेलं?"

"काढ्याचं, आई."

"अख्ख्या गावाला सर्दी होते का इथं?"

गिरीशला ठसका लागला. मी डब्यात खुदकन हसले.

मग मराठी मंडळाची कोजागिरी आली. दोनशे माणसांचं मसाला दूध कोण करणार? गिरीशने मीटिंगमध्ये हात वर केला होता. पातेलं आहे, पंप आहे, नळी आहे. दुपारी आजी काठीएवढी पळी घेऊन पातेल्याजवळ उभी राहिली. दूध आटलं, केशर पडलं, वेलची पडली. मग गिरीशने परातभर चिरलेले पिस्ते, बदाम आणि चारोळी आत ओतली, आणि नंतर म्हणाला, "चला, आता पंपाने थर्मासच्या डब्यांत भरू." डबे गाडीत चढवायला केदार आणि रीमा आले होतेच. केदारच्या पायात तेच बूट होते, चहाच्या रंगाचे.

क्लिक! क्लिकबाईने दिमाखात तोटी धरली. पंप सुरू झाला. थोडं दूध आलं. मग धार बारीक झाली. मग थेंब. मग पंप म्हशीसारखा हंबरायला लागला.

अडकणारच! पिस्त्याचे तुकडे तिच्या झडपेत जाऊन बसले होते. माझ्यात झडप नाही, हे दुकानात कुणी म्हटलं होतं बरं?

रीमाने आलेलं दूध वाटीत घेऊन चाखलं. "ई! हे कडू का लागतंय?"

आजीने वाटी हातात घेतली, नाकाजवळ नेली. मग गिरीशकडे बघितलं. मला आवडलं ते बघणं.

केदार टूथपिक घेऊन क्लिकबाईच्या पोटात कोरायला बसला. "निघेल, निघेल. एक मिनिट." एक मिनिटाने स्प्रिंग उडाली आणि चारोळीच्या डब्यात जाऊन पडली. क्लिकबाई आयुष्यात पहिल्यांदा गप्प झाली.

"सहाला हॉलवर पोचायचंय," रीमा म्हणाली. "दोनशे लोक, गिरीश."

सिया डब्याकडे आली. खिळे बाजूला केले. "हाय, कानवाली," ती कुजबुजली. तिने मला गरम पाण्याने धुतलं, ड्रॉवरमधलं नवं वायसर बसवलं, पाना घेऊन माझा जोडीदार तोटीवर चढवला आणि मला नव्या नळीच्या टोकाला लावलं. मग म्हणाली, "बाबा, यूज हर."

गिरीशला घाई होती. त्याने मला तोटीवर सरकवलं. एक कान दाबला. आणि काय सांगू मित्रांनो, त्याचा फोन वाजला! मंडळाच्या अध्यक्षांचा. त्याने फोन कानाला लावला, "निघालोच!" म्हणाला, आणि दुसऱ्या हाताने तोटी उघडली. माझा दुसरा कान तसाच, हवेत.

आता फक्त पंपाचं बटण राहिलं होतं. उकळतं दूध माझ्या तोंडाशी आलं होतं. मी ठरवलं असतं तर नव्या वायसरच्या जोरावर निमूट धरून बसले असते आणि पंप लागल्यावर सुटले असते. गिरीश, केदार, दोनशे लोकांचं दूध, सगळं एका झटक्यात! महिनोन् महिने डब्यात मी असली स्वप्नंही बघितली होती.

पण माझ्या अगदी समोर नळी धरून सिया उभी होती. जी "आय सॉ" म्हणाली होती आणि जिला बर्फ आणायला पाठवलं होतं.

म्हणून मी नेम धरला. गिरीशच्या पायात कोल्हापुरी चप्पल होती, अंगठा उघडा. तोच हात नाही, पण अंगठा तर अंगठा! मी उघड्या कानाच्या बाजूने एक थेंब सोडला.

टप.

"आई गं!" गिरीश एका पायावर नाचला. फोन परातीत पडला.

"आई इथेच आहे," आजी म्हणाली. तिने पुढे होऊन तोटी बंद केली आणि पळीने माझा उघडा कान दाखवला. "आणि हा कान कोण लावणार? त्यासाठी मी नागपूरहून येऊ? आलेच आहे म्हणा."

"एक्झॅक्टली!" सिया ओरडली. "लास्ट टाइमही सेम झालं होतं! एकच कान लावला होता, कारण आजीचा फोन होता! मी बोलत होते आणि बाबा म्हणाले बर्फ आण!"

केदार हळूहळू खाली वाकला आणि स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला. "म्हणजे... गिऱ्या? कपलिंग बोगस नव्हती?"

मी श्वास रोखला. मला श्वास नाही, तरी रोखला.

गिरीशने सगळ्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे. "नव्हती," तो म्हणाला. "चूक माझी होती. कान मी लावला नव्हता. आणि नंतर गुपचूप खाली दाबून तिच्यावर ढकललं."

आहाहा! परत म्हण! मला वाटलं, परत म्हण!

"का पण?" आजीने विचारलं. "माझ्या फोनने तुझा हात का अडकला?"

"कारण... तो काढा नव्हता, आई."

"मला नाक नाही का रे? आणि काढा पिऊन कुणी फोनवर गाणी म्हणतं का? तुला किती वर्षं लागतात ते बघत होते." आजीने पळी खाली ठेवली. "आता कान धर. स्वतःचे. दोन्ही. तिच्यासमोर."

"आई, अगं केदार आहे—"

"दोन्ही!"

आणि औषधांच्या कंपनीतल्या मोठ्या साहेबाने, अंगठा चोळता चोळता, एका कपलिंगसमोर दोन्ही कान पकडले. रीमाने फोटो काढला. केदारने दोन काढले.

मग सियाने माझे दोन्ही कान खाली दाबले, तोटी उघडली, पंप लावला. पिस्ते, बदाम, चारोळी सगळं माझ्यातून सुरळीत गेलं. एक थेंब नाही. त्या संध्याकाळी दोनशे लोकांनी दूध प्यायलं आणि कुणालाही ते कडू लागलं नाही.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, सूड वाईट असतो. असेल बुवा. मला तर अजून गोड लागतो, केशर घातल्यासारखा. पण तुमच्याकडे एक मागणं आहे. आमचं वायसर धुवा. आमच्यातून काय जाणार आहे ते बघून आम्हाला निवडा. आणि काही सुटलं, सांडलं, फुटलं, तर आमच्यावर ओरडण्याआधी आपला अंगठा काय करतोय ते एकदा बघा. आम्ही बोलत नाही, पण आम्ही तिथेच असतो, तुमच्या हातात, सगळं बघत.

आणि गरम काही ओतायचं असेल, तर चप्पल घालू नका. मी अजून कामावर आहे.